एकशेवीसचा रोल

मिडियम फॉरमॅट छायाचित्रणाचा सारा डोलारा आज एकाच मापाच्या फिल्मवर उभा आहे. तिचे नाव १२०. जुने फोटोवाले तिला ‘एकशेवीसचा रोल’ म्हणत. सुमारे ६१.५ मिलिमीटर रुंद आणि ८० ते ८५ सेंटिमीटर लांब फिल्मची पट्टी, तिच्या पाठीला तिच्याहून बराच लांब असा काळा कागद आणि दोन्ही मिळून गुंडाळलेले एक रीळ, एवढाच तिचा संसार. ३५ मिलिमीटरच्या रोलला असते तशी पत्र्याची डबी तिला नाही, कडेने भोके नाहीत आणि फोटो संपल्यावर रोल उलटा गुंडाळण्याचे कामही नाही. फिल्म एका रिळावरून सुटते, दुसऱ्यावर चढते आणि रिकामे झालेले रीळ पुढच्या रोलसाठी कामी येते. १९०१ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात ईस्टमन कोडॅक कंपनीने ती बाजारात आणली. तिच्या आगेमागे निघालेली डझनावारी मापे काळाच्या ओघात गेली, ही राहिली. ती का राहिली हे समजले, की पुढे ती किती काळ मिळेल याचा अंदाज बांधता येतो.

१२० हा आकडा कशाचेही माप नाही. कोडॅकने पुढे काही वर्षांनी आपल्या निरनिराळ्या रोलना क्रमाने नंबर लावले, त्यात या रोलच्या वाट्याला हा नंबर आला. त्याच्या पाठीमागचे शोध मात्र त्याच्याआधीचे. १८८८ च्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्यात शंभर फोटोंची फिल्म भरलेली असे आणि ती संपली, की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवावा लागे. पुढच्याच वर्षी पारदर्शक सेल्युलॉइडची फिल्म आली. तिच्या पेटंटवरून न्यूअर्कचे एक धर्मोपदेशक हॅनिबल गुडविन यांच्या बाजूने कोडॅकविरुद्ध जो खटला चालला, तो १९१४ मध्ये कोडॅकने ५० लाख डॉलर मोजल्यावर मिटला. तरीही रोल भरायचा तर अंधारी खोली लागत होती. ती अडचण १८९२ मध्ये बोस्टनच्या सॅम्युएल टर्नर यांनी सोडवली. फिल्मच्या पाठीला काळा कागद लावायचा, कागदावर आकडे छापायचे आणि कॅमेऱ्याच्या पाठीला लाल काचेची एक लहानशी खिडकी ठेवायची. त्या काळच्या फिल्मला लाल उजेड दिसत नसे, त्यामुळे खिडकीतून आकडा वाचता येई आणि फिल्मही सुरक्षित राही. जॉर्ज ईस्टमन यांना या युक्तीची किंमत लगेच कळली आणि १८९५ मध्ये त्यांनी टर्नर यांची कंपनीच विकत घेतली.

‘नंबर २ ब्राउनी’ हा १९०१ चा कॅमेरा म्हणजे पुठ्ठ्याची पेटी, एक साधे भिंग आणि एक स्प्रिंग. किंमत दोन डॉलर. त्याच्यासाठी १२० चा रोल काढला गेला. फोटोचे माप सव्वादोन इंच बाय सव्वातीन इंच ठरले, त्याला व्यवहाराचे कारण होते. फोटो मोठा करून घेण्याची सोय सामान्य गिऱ्हाइकाला नव्हती. निगेटिव्हवर कागद ठेवून जेवढ्यास तेवढी छपाई व्हायची. म्हणून निगेटिव्ह हातात धरून बघण्याजोगे असणे भाग होते. हौशी माणसांच्या स्वस्त पेटीसाठी ठरलेली ही रुंदी पुढे व्यावसायिकांना लाभली, आणि १२० च्या दीर्घायुष्याचे पहिले कारण या योगायोगात आहे.

रुंदी ठरलेली असली, तरी लांबीच्या दिशेने फोटो किती मोठा घ्यायचा हे कॅमेऱ्यावर सोपवलेले आहे. सहा बाय नऊ सेंटिमीटरचे ८ फोटो, सहा बाय सातचे १०, सहा बाय सहाचे १२, सहा बाय साडेचारचे १५ किंवा १६. पाठच्या कागदावर आकड्यांच्या निरनिराळ्या ओळी छापलेल्या असतात, कॅमेऱ्याची लाल खिडकी ज्या ओळीवर येते ती त्याची. छत्तीस फोटोंचा ३५ मिलिमीटरचा रोल आणि १२० चा रोल यांचे क्षेत्रफळ जवळजवळ सारखेच, सुमारे ८० चौरस इंच. तेवढ्याच जागेत छत्तीसऐवजी बारा फोटो घेतले, की प्रत्येकाला साडेतीन पटींहून जास्त जागा मिळते. चेहऱ्यावरची कांती, साडीचा पोत, भिंतीवरची सावली यांना त्या जागेत जो ऐसपैसपणा येतो, तोच मिडियम फॉरमॅटचा खरा गुण.

तो गुण व्यावसायिकांच्या हाती आणून दिला जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या फ्रँके अँड हायडेके कंपनीने. १९२९ साली तिने रोलायफ्लेक्स काढला: एकावर एक दोन भिंगे, वरच्यातून बघायचे, खालच्यातून फोटो. पहिल्या मॉडेलला ११७ नंबरचा रोल लागे, त्यात सहाच फोटो निघत; थोड्याच काळात कंपनी १२० कडे वळली आणि बारा फोटोंचा रिवाज पडला. ११७ पुढे बंद झाला. १९४८ मध्ये स्वीडनच्या व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी सुटी पाठ असलेला कॅमेरा आणला. रोल पाठीत भरायचा आणि अर्ध्यावर असतानाही पाठ बदलून दुसरा रोल लावता यायचा. त्यामागोमाग जपानच्या याशिका, मामिया, ब्रॉनिका, पेंटॅक्स या कंपन्या आल्या. नियतकालिकांची मुखपृष्ठे, जाहिराती, लग्नाचे अल्बम, कलादालनातली चित्रे या सगळ्यांचे काम १२० वर चालू लागले.

भारतात या रोलची दोन घरे होती. एक छायाचित्रकाराचे, दुसरे मध्यमवर्गीयाचे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी मोठ्या स्पीड ग्राफिक कॅमेऱ्याबरोबर रोलायफ्लेक्सही वापरला, आणि स्वातंत्र्याच्या आसपासची दिल्ली आज ज्या चित्रांतून आठवते, त्यांतली अनेक त्यांची आहेत. मध्यमवर्गीय घरात आला तो आग्फाचा क्लिक थ्री. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीने देशातच तयार केलेला हा कॅमेरा १२० चा रोल घेई आणि बारा चौकोनी फोटो देई. त्यात फारसे काही जुळवायचे नसे. सहल, वाढदिवस, गणपती अशा निमित्तांवर बारा फोटो जपून वाटले जात. एकेक रोल महिनोन्‌महिने कॅमेऱ्यात पडून असे. जुन्या मराठी घरांच्या अल्बममध्ये काळ्या जाड पानांवर तिकोनी कोपऱ्यांत अडकवलेले जे लहान चौकोनी फोटो सापडतात, ते बहुतेक या रोलचे.

गावोगावच्या स्टुडिओत दोन भिंगांचा याशिका किंवा रोलायकॉर्ड असे. कॅमेरा छातीशी धरून वरून आत पाहायचे, आत चित्र डाव्याउजव्याची अदलाबदल होऊन दिसे. रोल भरण्याचा एक ठरलेला क्रम होता. सावलीत उभे राहून कागदी पट्टी फोडायची, कागदाचे निमुळते टोक रिकाम्या रिळाच्या खाचेत घालायचे, कागदावरचा बाण खुणेशी येईपर्यंत फिरवायचे, मग पाठ बंद. बारावा फोटो झाला, की उरलेला कागद पूर्ण गुंडाळायचा, टोकाची गोंद लावलेली पट्टी जिभेने ओली करून घट्ट चिकटवायची. चिकटवताना रोल सैल पडला, तर कडेने उजेड शिरे आणि लग्नातल्या एखाद्या विधीचा फोटो कायमचा पांढुरका होई. म्हणून कितीही घाई असली तरी मुरलेला फोटोवाला हे काम उभ्या उभ्या, पाठ उन्हाकडे करून, स्वतःच्या सावलीत करी. धुतलेल्या निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलने चेहऱ्यावरचे डाग झाकता येत, कारण निगेटिव्ह तेवढे मोठे होते. ही कारागिरी ३५ मिलिमीटरच्या इवल्या चौकटीत जमणारी नव्हती.

फिल्म देशात तयार व्हावी म्हणून सरकारने १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापन केली. निलगिरीतल्या उटीची जागा निवडली, कारण फिल्मच्या कारखान्याला धूळ चालत नाही आणि तिथली हवा स्वच्छ आणि थंड होती. फ्रान्सच्या बोशे कंपनीचे तंत्र घेऊन १९६७ मध्ये उत्पादन सुरू झाले. ‘इंदू’ या नावाने कृष्णधवल फिल्म, ब्रोमाइड कागद आणि पुढे मोठ्या प्रमाणावर एक्स-रे फिल्म तिथून बाहेर पडू लागली. पण गिऱ्हाईक रंगीत फिल्मकडे वळले, आयात मोकळी झाली, कर्ज वाढत गेले. १९९० च्या दशकात कंपनी आजारी ठरली आणि २०१४ मध्ये केंद्र सरकारने कामगारांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना मंजूर केल्यावर उरलीसुरली आशाही संपली. भारताने फिल्म बनवण्याची विद्या मिळवली होती आणि ती जाऊ दिली, ही खरोखर हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे. आज देशातला प्रत्येक १२० चा रोल बाहेरून येतो.

बाकीच्या मापांचे काय झाले, तेही पाहण्याजोगे आहे. ११६ आणि ६१६ हे रुंद रोल कोडॅकने १९८४ मध्ये थांबवले. ६२० म्हणजे १२० चीच फिल्म, फक्त रीळ बारीक. १९३० च्या दशकाच्या आरंभी कोडॅकने ते आपल्या कॅमेऱ्यांसाठी काढले आणि १९९५ मध्ये बंद केले. त्याच वर्षी लहान चणीचा १२७ कोडॅकच्या यादीतून गेला. ही सगळी मापे घरगुती कॅमेऱ्यांच्या भरवशावर होती. घरगुती गिऱ्हाईक नव्या सोयीकडे वळले, की त्यांचा आधार तुटे. १२० ला मात्र रोलायफ्लेक्स आणि हॅसलब्लाडवाल्यांचा आधार होता, आणि ज्याने भिंगांत पैसे घातले आहेत तो रोजगाराचे माप सहजी बदलत नाही.

२२० ची कथा अधिक बोलकी आहे. १९६५ मध्ये आलेल्या या रोलला फिल्मच्या मागे कागद नव्हता, फक्त दोन टोकांना होता. त्यामुळे त्याच रिळावर दुप्पट लांबीची फिल्म बसे आणि बाराऐवजी चोवीस फोटो निघत. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना तो फार सोयीचा. तो गेला तो गुंडाळणीच्या यंत्रांपायी. टोकांना कागद जोडणारे यंत्र वेगळे लागे. इंग्लंडच्या इल्फर्ड कंपनीचे ते यंत्र झिजले तेव्हा नवे घेणे परवडेना आणि तिने २२० सोडून दिला. पुढे कोडॅक आणि फुजीनेही तो थांबवला. चीनच्या ‘शांघाय’ या नावाखाली तो २०१९ मध्ये कृष्णधवलमध्ये पुन्हा निघाला, पण मोठ्या कंपन्यांकडे तो परतला नाही. फिल्मला गिऱ्हाईक असूनही ती बंद पडू शकते, हे २२० ने दाखवून दिले.

डिजिटलची लाट आली तेव्हा १२० च्या वाट्यालाही तेच येईल असे वाटणे साहजिक होते. फुजीफिल्मच्या सांगण्यानुसार जगभरची फिल्मची मागणी २००० साली शिखराला पोचली आणि दहा वर्षांत ती दहाव्या हिश्शाच्याही खाली उतरली. इल्फर्ड २००४ मध्ये दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली. तिच्याच व्यवस्थापकांनी ती विकत घेऊन २००५ मध्ये हार्मन टेक्नॉलॉजी या नावाने चालवली. जर्मनीची आग्फाफोटो २००५ मध्येच बुडाली. कोनिकाने २००६ मध्ये हा धंदा सोडण्याचे जाहीर केले. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने स्वतः दिवाळखोरीचे संरक्षण मागितले आणि दीड वर्षाने ती त्यातून बाहेर आली, तेव्हा फिल्म बनवणारी ईस्टमन कोडॅक आणि ती विकणारी कोडॅक अलारिस अशा दोन वेगळ्या कंपन्या झाल्या होत्या. त्याच २०१२ मध्ये क्रोएशियातल्या सामोबोरची फोटोकेमिका बंद पडली. एफके नावाची तिची फिल्म दर्दी लोकांना प्रिय होती आणि १२७ चा रोल नियमित काढणाऱ्या अगदी मोजक्यांत ती होती. जुने यंत्र मोडले, ते दुरुस्त करणे खर्चाच्या पलीकडे गेले, आणि कारखान्याला कुलूप लागले.

असे यंत्र मोडले म्हणजे नेमके काय मोडते, हे फिल्म कशी तयार होते ते पाहिल्याशिवाय कळत नाही. आधार म्हणून सेल्युलोज ट्रायॲसिटेटची किंवा पॉलिएस्टरची पारदर्शक पट्टी असते, मीटरभराहून रुंद आणि शेकडो मीटर लांब. तिच्यावर जिलेटिनमध्ये कालवलेल्या चांदीच्या क्षारांचा लेप चढवायचा. कृष्णधवल फिल्मला थोडेच थर लागतात. रंगीत फिल्मला डझनभर किंवा त्याहून अधिक, प्रत्येक थर केसाहून बारीक आणि साऱ्या रुंदीवर एकसारखा. हे सगळे पूर्ण अंधारात, धूळ नसलेल्या हवेत, धावत्या पट्टीवर होते. रॉचेस्टरमधल्या इमारत क्रमांक ३८ मधले कोडॅकचे लेपन यंत्र अनेक मजल्यांचे आहे. ते हॉलिवूडच्या भुकेसाठी बांधलेले. असे यंत्र हौशी छायाचित्रकारांच्या मागणीवर चालवणे म्हणजे एका घराच्या भाकरीसाठी साखर कारखान्याची भट्टी पेटवणे.

जिलेटिनचीच गोष्ट घ्या. १८८२ मध्ये ईस्टमन यांच्या काचेच्या प्लेटा एकाएकी उजेड पकडेनाशा झाल्या आणि धंदा बुडण्याची वेळ आली. शोध घेता दोष जिलेटिनमध्ये निघाला. जिलेटिन गुराढोरांच्या कातड्या-हाडांपासून होते, पण एका ठिकाणचे चांगले का आणि दुसऱ्या ठिकाणचे वाईट का, हे पुढची चाळीस वर्षे कुणाला सांगता येईना. १९२० च्या दशकात कोडॅकच्या सॅम्युएल शेपर्ड यांनी उलगडा केला: चांगल्या जिलेटिनमध्ये गंधकाचे अत्यल्प अंश होते आणि ते मोहरीच्या तेलातल्या द्रव्यासारखे होते. गुरांनी चरताना मोहरीचा पाला खाल्ला, की त्यांच्या कातड्यापासून झालेली फिल्म उजेडाला जास्त जागी होई. इतक्या दूरच्या धाग्यांवर हा धंदा लटकलेला आहे. एखादा पुरवठादार एखादे रसायन बनवणे थांबवतो आणि हजारो मैलांवर एक फिल्म संपते. २०२१ च्या जानेवारीत फुजीने प्रो ४०० एच ही लग्नवाल्यांची लाडकी फिल्म बंद केली, तेव्हा तिच्या खास चौथ्या थराला लागणारा कच्चा माल मिळेनासा झाल्याचे कारण दिले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका रसायनाच्या बंदीमुळे फुजीचीच व्हेल्व्हिया १०० ही स्लाइड फिल्म त्या देशात विकणे थांबवावे लागले. बंदी आलेले रसायन फिल्ममध्ये नावालाच होते.

१२० ला याशिवाय स्वतःच्या दोन अडचणी आहेत. तिचा आधार ३५ मिलिमीटरच्या फिल्मपेक्षा बहुधा पातळ असतो, कारण ती बारीक रिळावर घट्ट गुंडाळायची असते. म्हणजे तीच फिल्म दोन मापांत द्यायची, तर वेगळ्या आधारावर वेगळी लेपणी करावी लागते. म्हणूनच नवी फिल्म आधी ३५ मिलिमीटरमध्ये येते आणि १२० वाल्यांना थांबावे लागते. कोडॅकची एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म २०१२ मध्ये बंद पडून २०१८ मध्ये परत आली, १२० मध्ये ती २०१९ च्या अखेरीस. हार्मनची फिनिक्स ही पहिली रंगीत फिल्म २०२३ च्या डिसेंबरात आली, १२० मध्ये पुढच्या वर्षी.

दुसरी अडचण पाठच्या कागदाची. तो उजेड अडवणारा हवा, पातळ हवा, त्यावरची शाई वर्षानुवर्षे फिल्मला चिकटून राहूनही तिच्यावर परिणाम न करणारी हवी. असा कागद बनवणारे जगात मोजकेच आहेत. २०१६ च्या सुमारास कोडॅकच्या काही १२० रोलमध्ये कागदावरचे आकडे आणि अक्षरे थेट फोटोत उमटू लागली. आकाशाच्या मधोमध फिकट ‘कोडॅक’. कंपनीने दोष मान्य केला, त्या खेपांचे नंबर जाहीर केले आणि कागद बदलला. लेपन यंत्र, रसायने आणि चांदी यांच्या गर्दीत कागद कुणाच्या लेखी नसतो, पण तो नसेल तर १२० नाही.

मग ती टिकली कशी? तिच्या एकटीच्या जोरावर ती टिकलेली नाही. कोडॅकचे यंत्र चालू आहे ते सिनेमामुळे. कोडॅकची सिनेफिल्मची विक्री २००६ मध्ये १२४० कोटी फूट होती, २०१४ मध्ये ती ४५ कोटी फुटांच्या खाली आली आणि कारखाना बंद करण्याचा विचार झाला. ख्रिस्तोफर नोलन यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी रदबदली केली, आणि २०१५ मध्ये हॉलिवूडच्या सहा मोठ्या स्टुडिओंनी दरवर्षी ठरावीक फिल्म घेण्याचे करार केले. लग्नाचे फोटो काढणारा कोडॅकची जी पोर्ट्रा फिल्म भरतो, ती त्या करारांमुळे वाचली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. फुजीचे फिल्म खाते इन्स्टॅक्सच्या झटपट फोटोंवर पोसले जाते. बेल्जियममधला आग्फाचा कारखाना विमानातून नकाशे काढण्यासाठी लागणारी फिल्म बनवत आला, आणि तिच्यातूनच काही नामांकित कृष्णधवल रोल कापले गेले. १२० ही अशी थोरल्या भावंडांच्या पंक्तीला बसून जेवणारी धाकटी आहे.

तिला स्वतःच्या हक्काचे घर दिले ते दोन मध्यम कारखान्यांनी. इंग्लंडमधल्या मोबरलीच्या हार्मनने इल्फर्डच्या एचपी५, एफपी४ आणि डेल्टा या फिल्म १२० मध्ये सातत्याने ठेवल्या. फुजीची कृष्णधवल ॲक्रॉस २०१८ मध्ये थांबून पुढच्या वर्षी परतली, तिच्या डब्यावरही ‘मेड इन यूके’ असेच छापलेले आहे. चेक प्रजासत्ताकात ह्रादेत्स क्रालोव्हे इथली फोमा १९२१ पासून या धंद्यात आहे आणि तिची फोमापॅन जगभरच्या विद्यार्थ्यांना परवडते. यांची यंत्रे कोडॅकपेक्षा लहान, माणसे कमी, आणि मागणी घटली तरी तग धरता येईल असा पसारा. जर्मनीच्या अडॉक्सने २०१५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इल्फर्डच्या जुन्या कारखान्यातले लहान लेपन यंत्र घेतले, त्यामागेही हाच विचार. फिल्मचे पुढचे दिवस अशा लहान यंत्रांचे आहेत.

मागणीपुरते पाहिले तर गेली काही वर्षे बरी गेली. २०१० च्या दशकाच्या मध्यानंतर तरुण छायाचित्रकार फिल्मकडे वळू लागले. कोडॅकने बंद केलेली माणसांची भरती पुन्हा सुरू केली आणि २०२२ मध्ये गोल्ड २०० ही आपली घरगुती फिल्म प्रथमच आजच्या स्वरूपात १२० मध्ये आणली. २०२४ च्या अखेरीस रॉचेस्टरचा कारखाना यंत्रसामग्री सुधारण्यासाठी काही आठवडे थांबवला गेला. बंद करायच्या कारखान्यात कुणी असा पैसा घालत नाही. किंमत मात्र उतरणार नाही. १९८० च्या जानेवारीत सट्ट्यामुळे चांदी औंसाला ५० डॉलरच्या घरात गेली होती, तो उच्चांक ४५ वर्षांनी, २०२५ मध्ये, मोडला. चांदीला पर्याय नाही, आणि सौरपट्ट्यांसाठी तिची ओढ वाढतेच आहे. भारतात त्यावर आयातीचा खर्च आणि रुपयाचा भाव चढतो.

सगळ्या प्रकारांचे भवितव्य सारखे नाही. कृष्णधवल १२० सर्वांत सुरक्षित. ती बनवणारे पाच-सहा कारखाने वेगवेगळ्या देशांत आहेत, तिचे थर थोडे, आणि ती घरच्या मोरीत, खिडकीला चादर लावून, दोन-तीन रसायनांत धुता येते. एक कारखाना गेला तरी दुसरा भार उचलेल. रंगीत निगेटिव्हचे तसे नाही. १२० मध्ये ती पुरेशा प्रमाणात आणि भरवशाच्या दर्जाची आज मुख्यतः एकाच कारखान्यातून, रॉचेस्टरमधून येते; इतर नावांनी विकली जाणारी बरीचशी फिल्मही मूळ तिथलीच असते. हार्मनची फिनिक्स अजून प्रयोगाच्या अवस्थेत आहे, पण इतक्या वर्षांनी कुणीतरी रंगीत फिल्म मुळापासून उभी करते आहे, याचे मोल मोठे. सर्वांत नाजूक अवस्था स्लाइडची. कोडॅकची एक्टाक्रोम, फुजीच्या प्रोव्हिया आणि व्हेल्व्हिया, इतकीच तिची पुंजी, आणि त्याही बाजारात कधी असतात, कधी नसतात. स्लाइड धुणाऱ्या प्रयोगशाळा त्याहून वेगाने कमी होत आहेत.

धुण्याची सोय हा फिल्मच्या उपलब्धतेचाच भाग आहे, हे कोडॅकच्या कोडाक्रोम या स्लाइड फिल्मने कठोरपणे शिकवले. १२० मध्ये ती १९८६ ते १९९६ एवढीच दहा वर्षे मिळाली. तिची प्रक्रिया किचकट होती आणि ती करणारी शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये होती. २०१० च्या अखेरीस तिथे रोल घेणे बंद झाले. फ्रीझरमध्ये जपून ठेवलेले कोडाक्रोमचे रोल त्यानंतर रंगांपुरते निरुपयोगी झाले. साठा करून ठेवल्याने फिल्म वाचत नाही. आज वापरली जाणारी, आज धुतली जाणारी फिल्मच उद्या बनवली जाते. हे भारतासारख्या देशात अधिकच खरे, कारण इथे १२० धुणाऱ्या आणि स्कॅन करणाऱ्या प्रयोगशाळा काही मोठ्या शहरांपुरत्याच उरल्या आहेत, आणि त्यांतली प्रत्येक महिन्याला येणाऱ्या रोलांवर जगते.

कॅमेऱ्यांची बाजू फिल्मपेक्षा कमजोर आहे. हॅसलब्लाडने आपल्या जुन्या व्ही मालिकेतला ५०३ सीडब्ल्यू हा शेवटचा कॅमेरा २०१३ मध्ये थांबवला. रोलायफ्लेक्स, मामिया, ब्रॉनिका यांचे कारखाने त्याआधी वा त्यानंतर मिटले. प्लॅस्टिकचे हौशी कॅमेरे सोडले, तर १२० चा व्यावसायिक कॅमेरा नवा जवळजवळ निघतच नाही. जे आहेत ते जुन्या बाजारात हातोहाती फिरतात. इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या १९८०–९० च्या दशकांतल्या कॅमेऱ्यांना सुटे भाग मिळत नाहीत. पूर्ण यांत्रिक कॅमेरा मात्र तेल-ग्रीस बदलले, की पुन्हा चालू लागतो, फक्त ते करणारा हात हवा, आणि तो हात बहुधा साठी ओलांडलेल्या कारागिराचा असतो. ज्यांच्या घरी आईवडिलांचा क्लिक थ्री किंवा याशिका कपाटात पडून आहे, त्यांनी तो भंगारात घालण्याआधी एकदा उघडून पाहावा. आतले रिकामे रीळ आजही उपयोगाचे आहे, आणि बाजारात मिळणारा १२० चा नवा रोल त्यात जसाच्या तसा बसतो. तो १९०१ च्या नंबर २ ब्राउनीतही बसतो.